म्हातारपणी ठरवायचं कुणी?

डॉक्टरांसमोर पेशंट म्हणून मी बसलेला असतो आणि डॉक्टर माझ्या मुलीला विचारतात, "बाबांना झोप नीट लागते का?" आता मुलगी राहते वेगळ्या घरात, मी रात्री किती वेळा उठतो हे तिला कुठून कळणार, ती बिचारी माझ्याकडे बघते, मी उत्तर देतो, आणि डॉक्टर ते ऐकून पुढचा प्रश्न परत तिलाच विचारतात. माझं वय ६८, डावा कान जरा कमी, पण डोकं ठिकाणावर आहे असं निदान माझं तरी मत आहे. साठी उलटलेल्या कुणालाही विचारून बघा, बँकेत, दवाखान्यात, घरच्या घरी, हा अनुभव सगळ्यांना आहे. आपण समोर बसलेलो असताना आपल्याबद्दल बोलणं चालू असतं, "ते जेवतात का वेळेवर", "त्यांना जमेल का", आणि कुणी मुद्दाम वाईट वागत नसतं हो, सगळे मायेनंच करतात. म्हणून तर भांडताही येत नाही.

म्हातारपणी मन कसं सांभाळावं यावर मोबाईलवर रोज सकाळी काही ना काही येतं. हसत राहा, पॉझिटिव्ह विचार करा, छंद जोपासा, माणसांत मिसळा, जुनं विसरा. यातलं काही चुकीचं नाही, पण सगळे सल्ले त्या म्हाताऱ्या माणसालाच, जणू सगळा खेळ त्याच्या स्वभावाचा आहे आणि आजूबाजूचे लोक त्याच्याशी कसं वागतात याचा काही संबंधच नाही. रिटायर झाल्यापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचतोय, आणि वाचून वाचून माझं असं मत झालंय की या वयात मन टिकतं का खचतं हे बरंचसं यावर ठरतं की आपल्या दिवसातल्या किती गोष्टी ठरवणं आपल्या हातात उरलंय. आनंदी वगैरे राहणं त्याच्या नंतर येतं.

१९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला होता, मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलांना तो पाठ असतो. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोलीतलं सामान कसं लावायचं ते तुम्ही बघा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप, हवं असेल तर घ्या, आवडेल ते निवडा, सांभाळायचं मात्र तुम्हीच. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळालं, सिनेमाही तोच, फक्त त्यांना सांगितलं की तुमची काळजी घेणं आमचं काम, रोपाला पाणी नर्स घालतील, सिनेमाचा दिवस आम्ही कळवू. बाकी सोयी सारख्याच. तीनेक आठवड्यांनी बघितलं तर स्वतः ठरवणाऱ्या पहिल्या गटातले लोक जास्त तरतरीत, जास्त हिंडते-फिरते, जास्त बोलके झाले होते. दीड वर्षानं परत बघितलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते आणि दुसऱ्या गटातले ३० टक्के. या शेवटच्या आकड्याबाबत मात्र जपून, माणसं थोडी होती आणि त्या गणिताची दुरुस्ती नंतर त्या दोघींना छापावी लागली, त्यामुळे "रोप लावा, आयुष्य दुप्पट करा" टाइपचं काही फॉरवर्ड आलं तर सरळ डिलीट करा. पण पहिला भाग, माणूस तरतरीत होण्याचा, तो मला फार पटतो, कारण त्याला काही मोठं दिलं नव्हतं. नवीन औषध नाही, नवीन सोय नाही. फक्त विचारलं गेलं.

त्याच वर्षी रिचर्ड शुल्झ नावाच्या संशोधकाचा एक प्रयोग आला, तो मला याहून जास्त टोचला. कॉलेजातली मुलं वृद्धाश्रमातल्या लोकांना भेटायला जायची. काही आजी-आजोबांनी स्वतः ठरवायचं की मुलानं कधी यायचं आणि किती वेळ बसायचं. काहींना ठरवायला मिळालं नाही पण कधी येणार ते आधी सांगितलं जायचं. काहींकडे मुलं अशीच कधीही टपकायची, आणि काहींकडे कुणी गेलंच नाही. पहिले दोन गट चांगलेच सुधारले. ज्यांच्याकडे मुलं अचानक टपकायची त्यांना मात्र काही फायदा झालेला दिसला नाही, म्हणजे भेट तीच, वेळ तेवढाच, तरी नाही. इथपर्यंत छान. मग प्रयोग संपला, मुलं यायची थांबली. नंतर परत जाऊन तपासलं तेव्हा दिसलं की जे दोन गट सुधारले होते तेच जोरात घसरले होते, आणि ज्यांना काही मिळालंच नव्हतं ते होते तिथेच होते. मला वाटतं "एक दिवस आजी-आजोबांसोबत" असले कार्यक्रम करून फोटो टाकणाऱ्या सगळ्यांना हा प्रयोग आधी वाचायला द्यायला हवा. हातात काही देऊन काढून घेणं हे न देण्यापेक्षा वाईट असू शकतं. आणि घरात हे रोज होतं, "बाबा, लाइटबिल तुम्हीच भरत जा ऑनलाइन, शिकवतो" म्हणायचं आणि एकदा ओटीपी चुकला की मोबाईल हातातून घेऊन "राहू दे, मी करतो".

हे मोबाईल हातातून घेणं, याचा अभ्यास करणाऱ्याही एक बाई होत्या, जर्मनीतल्या मार्गरेट बाल्टेस. त्यांनी वृद्धाश्रमांत बसून नुसतं बघितलं की कर्मचारी कधी बोलतात, कधी मदतीला येतात आणि कधी लक्ष देत नाहीत. दिसलं ते असं, म्हातारं माणूस स्वतःचं स्वतः काही करत असेल, बटणं लावतंय, केस विंचरतंय, तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. "जमत नाही" म्हटलं की माणूस धावत येतं, हात धरतं, दोन शब्द बोलतं. आता तुम्हीच सांगा, दिवसभरात बोलायला कुणी नाही आणि बटण न लागणं हाच जर माणूस जवळ यायचा उपाय असेल तर बटण कशाला लागेल? मला हे वाचून आमच्या नात्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या डोळ्यांसमोर आल्या ज्यांच्याबद्दल सगळे म्हणायचे की ती नाटकं करते, येता-जाता दुखणी सांगते. नाटक नसेलही ते. वर्षानुवर्षं घरानंच शिकवलेलं असतं की तू धडधाकट असलीस तर आम्ही कामात, तू आजारी पडलीस तर आम्ही जवळ. मदत करणाऱ्याचीही बाजू आहे, नाही असं नाही, आजोबांना बूट घालायला पाच मिनिटं लागतात, आपण घातले तर दहा सेकंदात घराबाहेर, आणि सकाळी ऑफिसच्या गडबडीत पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं असतात. पण दहा सेकंदांचं बिल नंतर येतं, कारण न वापरलेले हात आणि न वापरलेली हिंमत दोन्ही जातात, आणि मग खरंच जमत नाही.

बोलण्याची पद्धतही यातलीच. "चला, आता आपण औषध घेऊया हं, शहाणं बाळ". हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि ती नुसती माझी चिडचिड नाही, अमेरिकेतल्या अभ्यासात डिमेन्शिया झालेल्या लोकांचे व्हिडिओ तपासून दिसलंय की नर्स असं लाडिक बोलल्या की पेशंट जास्त विरोध करतात, साधं मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं तर कमी. म्हणजे आठवण गेलेल्या माणसालाही मान ठेवलाय का नाही हे कळतं.

बरं, आता कुणी म्हणेल की आजोबा, वय झालं की काही गोष्टी सोडाव्या लागतातच, हट्ट करून कसं चालेल. बरोबर आहे. मार्गरेटबाई आणि त्यांचे नवरे पॉल बाल्टेस यांनी १९९० मध्ये नेमकं यावरच लिहिलं, की जे लोक चांगले म्हातारे होतात ते तीन गोष्टी करतात, मोजकं निवडतात, जे निवडलं त्याच्यावर जास्त मेहनत घेतात, आणि जे गेलं त्याला काहीतरी पर्याय शोधतात. उदाहरण त्यांनी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं दिलंय, ऐंशीच्या घरातही मैफली करायचा. विचारलं कसं जमतं, तर म्हणाला आता कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त रियाज करतो, आणि द्रुत भाग यायच्या आधी मुद्दाम थोडं सावकाश वाजवतो म्हणजे पुढचं आहे त्यापेक्षा जलद वाटतं. काय डोकं आहे बघा. हात मंद झालेत हे त्यानं लपवलं नाही, रडलाही नाही, मांडणीच बदलली.

मी रात्री गाडी चालवणं सोडलंय. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात, रस्त्याची कड दिसत नाही, सोडलं. दिवसा चालवतो. माझ्या एका मित्राची गाडीची किल्ली त्याच्या मुलानं काढून घेतली, एक दिवस जागेवर नव्हती, विचारलं तर "आता नको बाबा". बाहेरून बघितलं तर दोघांचीही गाडी कमी झाली. पण मी अजून लोकांना सांगतो की मी रात्रीची सोडली, आणि तो सांगतो की माझी काढून घेतली, आणि तो त्यानंतर बरेच दिवस कुठे बाहेरच पडला नाही, रिक्षानं ये म्हटलं तरी नाही. कधीकधी किल्ली काढून घ्यावीच लागते, नजर गेली असेल, रस्ते विसरायला होत असेल, तर दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो आणि तिथे मी मुलाच्याच बाजूनं उभा राहीन. पण त्याआधी समोर बसून एकदा बोलायला काय हरकत आहे? बहुतेक घरात ते बोलणं होतच नाही कारण सगळ्यांना ते अवघड वाटतं, आणि किल्ली लपवणं सोपं.

माणसांत मिसळा या सल्ल्याचं पण थोडं बोलायला हवं. १९६१ मध्ये कमिंग आणि हेन्री या दोन संशोधकांनी असं मांडलं होतं की म्हातारा माणूस हळूहळू समाजातून अंग काढून घेतो आणि समाजही त्याला मोकळं करतो, आणि हे नैसर्गिकच आहे. त्यावर पुढे भरपूर टीका झाली, व्हायलाच हवी होती. मग लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला, आता म्हाताऱ्यानं सतत कुठल्या ना कुठल्या ग्रुपात असलंच पाहिजे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसन यांचं काम मला या दोन्हींपेक्षा खरं वाटतं. त्या म्हणतात, पुढे वेळ किती उरलाय असं आपल्याला वाटतं त्यावर आपण माणसं निवडतो. त्यांनी लोकांना विचारलं, अर्धा तास मोकळा आहे, कुणाबरोबर घालवाल, जवळचं माणूस, नवी ओळख झालेलं कुणी, का नुकतंच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक. म्हातारे लोक जास्त करून जवळचं माणूस म्हणाले. पण तरुणांना सांगितलं की तुम्ही लवकरच एकटे लांब कुठेतरी कायमचे जाणार आहात, तर तेही जवळचं माणूस म्हणायला लागले. आणि म्हाताऱ्यांना सांगितलं की समजा नव्या औषधानं तुमचं आयुष्य २० वर्षांनी वाढलं, तर त्यांचा तो ओढा कमी झाला. म्हणजे माझे आजी-आजोबा कमी लोकांत रमायचे ते एकलकोंडे होते म्हणून नाही, कुणावर वेळ घालवायचा हे त्यांना कळलं होतं म्हणून. त्यामुळे आई कुठल्या क्लबात जात नाही म्हणून लगेच काळजी करू नका. तिची दोन-चार हक्काची माणसं आहेत का, त्यांच्याशी तिला हवं तेव्हा बोलता येतं का, जाता येतं का, ते बघा. ती नसतील तर मात्र गंभीर आहे, २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांवर लोकांची माहिती घेऊन दिसलं की ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम होते ते त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. एकटं बसायला आवडणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, विचारल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात मजा वाटली ती यशस्वी म्हातारपण कशाला म्हणायचं या वादाची. जॉन रो आणि रॉबर्ट कान नावाच्या दोन तज्ज्ञांनी मोजमाप ठरवलं, मोठा आजार नको, शरीर आणि डोकं चालतं हवं, आणि माणूस कामात-लोकांत गुंतलेला हवा. ऐकायला बरोबर वाटतं. मग २००२ मध्ये विल्यम स्ट्रॉब्रिज आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या ६५ ते ९९ वयाच्या लोकांना हे माप लावून बघितलं, आणि वर त्यांना सरळ प्रश्नही विचारला की तुम्ही चांगले म्हातारे होताय असं तुम्हाला वाटतं का. तज्ज्ञांच्या मापात जेमतेम १९ टक्के बसले. स्वतः लोकांना विचारलं तर निम्मे म्हणाले, हो, छान चाललंय. गुडघे गेलेले, बीपी असलेले, दोन-तीन गोळ्या रोज खाणारे, तरी छान चाललंय. आता यातलं खरं कुणाचं? मी त्या निम्म्यांच्या बाजूनं आहे, उघडच आहे.

कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये मनाचं स्वास्थ्य सहा गोष्टींत मांडलं, त्यात नुसता आनंद नाहीये, स्वतःला स्वीकारणं, माणसांशी जवळीक, स्वतःच्या मतानं वागणं, रोजचे व्यवहार पेलता येणं, जगण्याला हेतू असणं, आणि वाढत राहणं. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना तपासलं तर व्यवहार पेलण्यात मोठी माणसं तरुणांपेक्षा पुढे होती. मागे पडली ती हेतू आणि वाढ या दोन ठिकाणी. मला हे अगदी पटलं, रिटायर माणसाला काय बोचतं तर सकाळी उठून आपण नाही गेलो तर कुणाचंच अडत नाही. त्यात पुन्हा घरचे म्हणतात आता आराम करा. अहो किती आराम करणार! काहीतरी अडू दे माझ्यावाचून. नातवाचा अभ्यास, सोसायटीचा हिशोब, काहीही, पण खरं काम हवं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं खोटं काम लगेच ओळखू येतं.

आता एक गोष्ट जिथे मी माझंच म्हणणं बाजूला ठेवतो. "त्यांचं त्यांना ठरवू दे" हे डिप्रेशनला लागू करू नका. म्हातारपण म्हणजे उदासी असणारच असं नाही, उदासी आजार असतो आणि या वयातही उपचारांनी बरा होतो, पण तो ओळखूच येत नाही कारण म्हातारा माणूस "मला उदास वाटतं" असं म्हणतच नाही. तो म्हणतो पाठ दुखते, पोट बरं नाही, पहाटे तीनला जाग येते, भूक नाही, काही लक्षात राहत नाही. पेपर वाचायचा सोडतो, फोन उचलत नाही. दोन आठवडे हे असंच चाललं तर डॉक्टरकडे न्या, चला म्हणून आग्रह करा, इथे आग्रह चालतो. आणि "आता जगून काय करायचं" असं कुणी म्हणालं तर "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका, जीव द्यायचे विचार येतात का असं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी बाब कान. यावर कुणी कविता करत नाही पण कान गेला की माणूस गप्पांतून उठून जातो, सारखं "काय म्हणालास" विचारायची लाज वाटते म्हणून, आणि घरच्यांना वाटतं बाबा तुसडे झाले. डिमेन्शियावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या समितीनं २०२४ च्या अहवालात टाळता किंवा लांबवता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, बहिरेपण त्यातलं एक, एकटेपण आणि डिप्रेशन पण त्यात आहेत, आणि सगळी मिळून जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेसशी त्यांचा संबंध आहे असा त्यांचा अंदाज आहे. तर माझी तपासणी झाली, डाव्या कानाला मशीन लागणार. मुलीनं लगेच ऑर्डर करून टाकायची तयारी केली होती, मी थांब म्हटलं. कानामागचं घ्यायचं का आतलं, सेलवालं का चार्जिंगचं, आवाज किती वाढवायचा, मी दुकानात जाऊन लावून बघणार आणि मग सांगणार. ती सोबत येणारे, पण प्रश्न मी विचारणार असं ठरलंय आमचं.